ग्राफिक्स कार्ड बदलावे काय? — लेखांक ७ : बारा व्होल्टांची चिठ्ठी

गेल्या आठवड्यात कबूल केल्याप्रमाणे आज ग्राफिक्स कार्डाच्या स्वतःच्या स्मृतीचा, म्हणजे बाजारात जिला व्हीरॅम म्हणतात तिचा, विचार करावयाचा होता. परंतु एकलहरे येथील वीजकेंद्राच्या वसाहतीतून एका निवृत्त गृहस्थांचे पत्र आले असून त्यातील प्रश्न इतका मुद्देसूद आहे, आणि माझा एक जुना आवडता विषय त्याच्या अनुषंगाने असा अनायासे पुढे आला आहे, की ते प्रकरण तूर्त तहकूब ठेवणे भाग आहे.

पत्राचा मजकूर थोडक्यात असा. घरी २०१४ साली असेंबल करून घेतलेला संगणक आहे. त्यात चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि मूळचीच हार्ड डिस्क आहे. नातू स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका करीत असून ऑटोकॅडवर नकाशे काढतो, आणि हल्ली ब्लेंडरच्या नादी लागला आहे. दुकानदाराने आरटीएक्स ४०६० सुचविले असून ‘एसएमपीएस साडेचारशे वॅटचा आहे, आरामात चालेल’ असा निर्वाळाही दिला आहे. तर घ्यावे काय?

या निर्वाळ्यातील ‘साडेचारशे’ हा शब्दच आजच्या लेखांकाचा विषय. पत्रलेखकांना तो समजावण्यास मला फारसे श्रम पडू नयेत. त्यांच्या केंद्रातील २१० मेगावॅटचे तीन संच मिळून स्थापित क्षमता ६३० मेगावॅट होते. परंतु कोळसा दळणाऱ्या गिरण्या, बाष्पकाला पाणी पुरविणारे पंप आणि ते अजस्र पंखे यांचा खर्च केंद्राने स्वतःच्याच विजेतून भागविल्यावर जी उरते तीच बाहेर जाते, आणि म्हणून पाटीवरचा आकडा व हाती पडणारा आकडा या दोन भिन्न गोष्टी होत, हे तेथे नव्याने लागलेल्या माणसासही ठाऊक असते.

संगणकाला वीज पुरविणाऱ्या एसएमपीएसचेही तेच. संगणक बंद करून, भिंतीवरचे बटणही बंद करून, कॅबिनेटचे डावे झाकण उघडावे. एसएमपीएसच्या अंगावर एक चिठ्ठी चिकटविलेली दिसेल. तीवर ३.३, ५ आणि १२ व्होल्ट असे रकाने असतात व प्रत्येकाखाली अँपिअर दिलेले असतात. ग्राफिक्स कार्ड आपले जवळजवळ सारे अन्न बारा व्होल्टांच्या ताटातून घेते, आणि प्रोसेसरही त्याच पंगतीस बसतो; तेव्हा बाकीचे रकाने तूर्त विसरावे. पत्रलेखकांनी ही चिठ्ठी स्वतः उतरवून पाठविली आहे, याबद्दल त्यांचे आभार मानावे तितके थोडे. बारा व्होल्टांखाली १६ अँपिअर आहेत. गुणाकार १९२ वॅट. साडेचारशेची ही अशी वासलात!

आता जमाखर्च मांडू. चौथ्या पिढीच्या साधारण आय-फाइव्हची नेमणूक ८४ वॅटची. आरटीएक्स ४०६० मागते ११५. बेरीज १९९, म्हणजे मदरबोर्ड, डिस्क आणि पंखे यांच्या वाट्यास काही येण्यापूर्वीच तिजोरी रिकामी. शिवाय या कार्डास आठ पिनांची स्वतंत्र तार लागते, जी असल्या स्वस्त एसएमपीएसला बहुधा नसतेच. मग दुकानदार दोन जुन्या मोलेक्स जोडण्या एकत्र आणणारी एक जोडतार खोक्यात टाकून देतो. त्या तारेची मखलाशी मला कधीच पटलेली नाही. तारेने पिनांची संख्या वाढते, अँपिअर वाढत नाहीत.

मदरबोर्डाचा स्लॉट स्वतः कार्डाला ७५ वॅटपर्यंत देऊ शकतो. त्या मर्यादेत भागणारी कार्डे आहेत. उदाहरणार्थ, फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेला आरटीएक्स ३०५० चा ६ जीबीचा प्रकार ७० वॅटवर चालतो. मात्र त्याच नावाचा ८ जीबीचा थोरला भाऊ १३० वॅट मागतो, सबब पावतीवर ‘६ जीबी’ लिहून घेतल्याखेरीज पैसे मोजू नयेत. ८४ आणि ७० मिळून १५४. ३८ वॅट शिल्लक राहतात. कागदावर हे जमते. पण दहा वर्षे राबलेल्या एसएमपीएसवर मी एवढाही भार टाकणार नाही. कार्ड येवो वा न येवो, तो बदलावाच.

राहिला मूळ प्रश्न. ऑटोकॅडमधील द्विमितीय नकाशांचा भार मुख्यत्वे प्रोसेसरवर पडतो, आणि फाइल उघडताना होणारा खोळंबा हा त्या जुन्या हार्ड डिस्कचा व अपुऱ्या रॅमचा प्रताप असण्याचा संभव अधिक. नातवाने काम चालू असताना टास्क मॅनेजर उघडून पाहावे : डिस्क किंवा मेमरी शंभराला टेकलेली आणि जीपीयू निवांत असेल, तर कार्डाचा काही अपराध नाही. ब्लेंडरच्या सायकल्समध्ये चित्र साकारताना मात्र चांगले कार्ड तासांचे काम मिनिटांवर आणू शकते. तेथे खर्च सार्थकी लागतो.

माझा निकाल असा : आधी एसएसडी आणि आणखी ८ जीबी रॅम, त्यानंतर नामांकित कंपनीचा नवा एसएमपीएस, आणि ब्लेंडरचा नाद परीक्षेनंतरही टिकला, तर ७० वॅटचे कार्ड. ४०६० घेऊ नये.

व्हीरॅम पुढील आठवड्यात, निश्चित. तोवर ज्यांना प्रश्न पाठवावयाचे असतील त्यांनी चिठ्ठीवरील बारा व्होल्टांखालचा आकडा पत्रात अवश्य लिहावा. त्यावाचून आलेल्या पत्रांना उत्तर देणे शक्य होत नाही.