बिअरचे गुऱ्हाळ आणि बिअरचा कारखाना



मागच्या महिन्यात पिंपळे गुरव येथे आपल्या सभासदांची गटसभा झाली. पवनाकाठच्या या गावात आता ऊस औषधालाही उरलेला नाही. जेथे वावरे होती तेथे सोसायट्या उभ्या राहिल्या आणि गाव महानगरपालिकेत गेले. पण वडिलांच्या नावचा शेअर पुष्कळांनी अजून जपून ठेवला आहे. काहींनी मावळ-मुळशीकडे जमीन घेऊन तेथे लागण केली आहे. त्यामुळे सभेला गर्दी बरी होती.

विषयपत्रिका संपली आणि एक ज्येष्ठ सभासद उठले. त्यांचा मुलगा हिंजवडीला नोकरीला आहे. मुलाने त्यांना बाणेरकडे जेवायला नेले होते. काचेपलीकडे स्टीलच्या मोठमोठ्या टाक्या, आणि त्यात तयार झालेली बिअर थेट ग्लासात! एका ग्लासाला चारशे रुपये पडले. ते म्हणाले, "अहो, एक क्विंटल उसाला सरकारने ठरवलेला भाव ३५५ रुपये. बारा-चौदा महिने पाणी पाजून, खत घालून आम्ही जे पिकवतो, त्याच्यापेक्षा एका ग्लासाचा पैसा जास्त! मग आपल्या कारखान्याने हा धंदा का काढू नये?"

प्रश्न रास्त आहे. ३५५ रुपये हा २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्यावर ठरवलेला भाव आहे, आणि तोडणी-वाहतूक त्यातूनच जाते हे आपण सर्व जाणतोच. सभेत हशा झाला, पण उत्तर कोणी दिले नाही. म्हणून यासंबंधी जी माहिती आहे ती येथे थोडक्यात मांडत आहोत. कोणी बिअर प्यावी असे सुचवण्याचा आमचा हेतू मुळीच नाही. हिशेब मात्र प्रत्येकाला कळला पाहिजे.

बिअर उसाची होत नाही

पहिली गोष्ट ही की बिअरचा कच्चा माल ऊस नाही, सातू आहे. सातूला कोणी जव म्हणतात. नाचणीचे सत्त्व करताना आपल्या घरी नाचणीला मोड आणतात, तसेच सातूला मोड आणून वाळवतात. याला माल्ट म्हणतात. मोड आले की दाण्यातल्या पिठूळ भागाची साखर करणारी द्रव्ये जागी होतात. माल्ट भरडून साधारण ६५ अंश उष्णतेच्या पाण्यात भिजत ठेवले की गोड रस सुटतो. तो गाळून हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांबरोबर उकळतात. बिअरचा कडवटपणा या फुलांचा. मग रस थंड करून त्यात यीस्ट सोडतात. यीस्ट साखर खाते आणि तिचा मद्यार्क व वायू करते.

माल्टचा सातू मुख्यतः राजस्थान, हरियाणा, पंजाब, उत्तर प्रदेश या बाजूला पिकतो. हॉप्स हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात थोडे होतात, बाकी परदेशातून येतात. म्हणजे यातले आपल्या शिवारातले काय? फक्त पाणी!

उसाचा मद्याशी संबंध आहे तो दुसऱ्या बाजूने. साखर काढून उरलेल्या मळीपासून, म्हणजे मोलॅसिसपासून, आसवनीत मद्यार्क गाळतात. देशी दारू त्याचीच. पेट्रोलमध्ये मिसळायचे इथेनॉलही मळीपासून व उसाच्या रसापासून होते. बिअर गाळत नाहीत, आंबवतात. आसवनी आहे म्हणजे उद्या बिअर सुरू करता येईल, असे नाही. यंत्रे, माल आणि परवाना सगळेच वेगळे.

गुऱ्हाळ आणि कारखाना

आता चारशे रुपयांची बिअर आणि दुकानात मिळणारी नेहमीच्या नावाची बिअर यांत फरक काय? आपल्या लोकांना हे एका वाक्यात सांगता येईल. एक गुऱ्हाळ आहे आणि दुसरा कारखाना आहे.

गुऱ्हाळात गुळव्याचा हात असतो. आजच्या काहिलीचा गूळ पिवळा धमक, उद्याचा जरा तांबूस. माती, ऊस आणि जाळ बदलला की चव बदलते. खाणारा म्हणतो, "हा गूळ अमक्याच्या गुऱ्हाळाचा." साखरेचे तसे नाही. पोते कोणत्याही कारखान्याचे असो, दाणा तोच आणि गोडी तीच. तीच तर साखरेची किंमत आहे.

मोठ्या कंपनीची बिअर साखरेसारखी. तिचे मूळ युरोपात पिल्सेन या गावी आहे. १८४२ साली तेथे पिवळी, स्वच्छ, हलकी बिअर तयार झाली आणि तिची नक्कल जगभर झाली. या जातीचे यीस्ट थंडीत, दहा अंशांच्या आसपास, सावकाश काम करते. १८८३ मध्ये डेन्मार्कच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत हॅन्सन या शास्त्रज्ञाने यीस्टची शुद्ध एकजात वाढ करून दाखवली. तेव्हापासून लाखो बाटल्यांत एकच चव आणणे सोपे झाले. पुढे ही बिअर बारीक गाळतात आणि गरम करून निर्जंतुक करतात. त्यामुळे बाटली महिनोन् महिने टिकते आणि ट्रकने कोठेही जाते.

छोट्या ठिकाणची बिअर गुळासारखी. ती पुष्कळदा गाळत नाहीत, तापवत नाहीत, म्हणून गढूळ दिसते. गव्हाची, काळ्या भाजलेल्या माल्टची, जास्त कडू, फळे घातलेली असे नाना प्रकार करतात. यातले बरेचसे १५ ते २२ अंशांत आठ-पंधरा दिवसांत तयार होतात. पण ही बिअर नाशवंत, थंडीतच ठेवावी लागते. चवीचे शौकीन तिच्यासाठी पैसा मोजतात तो याच ताजेपणासाठी. एकदा चाखलेली चव पुढच्या वेळी थोडी वेगळी लागली तर ते नाराज होत नाहीत, उलट त्यावर चर्चा करतात!

परदेशात ही चळवळ पन्नास वर्षांपूर्वीची. इंग्लंडमध्ये बड्या कंपन्यांनी जुनी पिंपातली बिअर बंद करत आणली, तेव्हा १९७१ मध्ये चार मित्रांनी तिच्यासाठी संघटना काढली. अमेरिकेत १९७८ मध्ये घरी बिअर करण्यास केंद्रीय कायद्याने मोकळीक मिळाली आणि त्या छंदातून शेकडो छोटे धंदे निघाले.

आपल्याकडे महाराष्ट्रातले असे पहिले ठिकाण पुण्यातच, २००९ साली 'डूलाली' या नावाने सुरू झाले. नाव ऐकून परदेशी वाटते, पण ते आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून आले आहे. बोटीची वाट पाहत देवळालीच्या छावणीत महिनोन् महिने पडून राहिलेले गोरे सोल्जर भ्रमिष्टासारखे वागू लागत. त्यावरून इंग्रजीत वेडसर माणसाला 'डूलाली' म्हणू लागले. त्यानंतर मुंढव्याला 'इंडिपेंडन्स' निघाली, आणि पुणे हे या छोट्या बिअरचे एक मोठे ठाणे झाले.

साखर घातली तर भेसळ का?

येथे आपला विषय थोडा येतो. मोठ्या कंपन्या माल्टबरोबर तांदूळ, मका किंवा साखर वापरतात. त्याने खर्च कमी होतो आणि बिअर हलकी होते. शौकीन मंडळी याला नाक मुरडतात. ते १५१६ सालच्या बव्हेरियाच्या हुकुमाचा दाखला देतात. त्यात फक्त सातू, हॉप्स आणि पाणी एवढ्यालाच परवानगी होती.

पण साखर म्हणजे भेसळ असे सरसकट म्हणता येत नाही. इंग्लंडने १८४७ मध्ये बिअरमध्ये साखर वापरण्यास कायद्याने मुभा दिली. बेल्जियमच्या नावाजलेल्या कडक बिअरमध्येही साखर असते. साखर यीस्टला पूर्ण खाता येते. त्यामुळे मद्यार्क वाढतो, पण अंगाचा दाटपणा घटतो. चांगला कारागीर ते जाणून वापरतो, दुसरा केवळ माल्ट वाचवायला वापरतो. आपला गूळ घालूनही बिअर करता येते. पण शंभर लिटर साध्या बिअरला एकूण माल्टच लागते पंधरा-वीस किलो, मग गूळ किती खपणार? कितीही केले तरी यातून उसाला गिऱ्हाईक मिळणार नाही, हे स्पष्ट समजावे.

बाटलीत नक्की किती?

"बिअर म्हणजे काय दारू थोडीच!" हे वाक्य आपण लग्नाच्या वरातीत ऐकतो. म्हणून हा हिशेब नीट वाचा.

साध्या बिअरमध्ये मद्यार्क ४ ते ५ टक्के असतो. 'स्ट्राँग' म्हणून मिळते तिच्यात ८ टक्क्यांपर्यंत. आपल्या देशात जास्त खप स्ट्राँगचाच आहे. ६५० मिलीच्या ८ टक्के बाटलीत शुद्ध मद्यार्क झाला ५२ मिली. व्हिस्कीच्या ६० मिलीच्या मोठ्या पेगात, ४२.८ टक्क्यांनी, होतो साधारण २६ मिली. म्हणजे एक स्ट्राँग बाटली बरोबर दोन मोठे पेग! छोट्या ठिकाणची ५ टक्क्यांची ३३० मिली बिअर घेतली तर साडेसोळा मिली. मात्र तेथेही काही प्रकार ८ टक्क्यांचे असतात. तेव्हा 'महाग म्हणजे सौम्य' असे धरून चालू नये.

हंगामात आपले ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या जोडून रात्री रस्त्यावर असतात. कायद्याने वाहन चालवणाऱ्याच्या १०० मिली रक्तात मद्यार्क ३० मिलिग्रॅमच्या वर नसावा. एक स्ट्राँग बाटली ही मर्यादा सहज ओलांडते. चाकावर बसणाऱ्याने एकही घेऊ नये, ही आमची कळकळीची विनंती.

बिअरने मुतखडा पडतो, हाही समज पोरांत फार आहे. लघवी जास्त होते एवढेच खरे. पण शरीर कोरडे पडते आणि युरिक आम्ल वाढते. मुतखड्यावर भरपूर पाणी प्यावे आणि डॉक्टरांकडे जावे. मद्याचे कोणतेच प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या जानेवारीत जाहीर केले आहे.

पैसा कोठे जातो?

मोठ्या बिअरचा बाजार आपल्या देशात मुख्यतः तीन बड्यांच्या हाती आहे. किंगफिशरची युनायटेड ब्रुअरीज १९१५ सालची, पण २०२१ पासून तिचा ताबा हॉलंडच्या हायनेकेनकडे आहे. दुसरी कार्ल्सबर्ग डेन्मार्कची. तिसरी, बडवायझरवाली, बेल्जियमची. या कंपन्यांनी संगनमत करून भाव ठरवले, असा निष्कर्ष काढून भारतीय स्पर्धा आयोगाने सप्टेंबर २०२१ मध्ये एकूण सुमारे ८७३ कोटी रुपये दंड केला. तिसऱ्या कंपनीने स्वतःच माहिती पुरवली म्हणून तिला दंडातून सूट मिळाली. अपिलातही डिसेंबर २०२२ मध्ये तो आदेश कायम राहिला, आणि प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. व्यापाऱ्यांची एकजूट काय असते हे गुळाच्या सौद्यात आपल्या वाडवडिलांनी पाहिले होते. त्यावरच उपाय म्हणून सहकारी कारखाने उभे राहिले.

मग छोट्या ठिकाणी चारशे रुपये कोणाला मिळतात? त्यातला माल्टचा वाटा अगदी थोडा असतो. मोठा वाटा जातो बाणेरच्या जागेच्या भाड्याला, सरकारच्या कराला, परवान्याला, थंड टाक्यांच्या विजेला, पगाराला. शेतकऱ्याच्या हाती येतो तो किरकोळच, आणि तो शेतकरीही राजस्थानचा! क्विंटलभर ऊस आणि एक ग्लास यांची तुलना म्हणून फसवी आहे. चारशे रुपये पेयाचे नाहीत, शहरातल्या त्या टेबलाचे आहेत.

पाण्याचाही विचार करावा. मोठ्या कारखान्यात एक लिटर बिअरला चार लिटरच्या आसपास पाणी लागते, छोट्या ठिकाणी त्याहून जास्त. २०१६ च्या दुष्काळात मराठवाड्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य उद्योगांचे पाणी आधी ५० आणि मग ६० टक्क्यांनी कापले होते. पाण्यावरून उसालाही बोल लागतो. अशा वेळी दुसरा वादाचा धंदा अंगावर घ्यावा का, हे सभासदांनीच ठरवावे.

आपल्या उपयोगाची एक गोष्ट

एक गोष्ट मात्र आपल्या गोठ्याच्या कामाची आहे. रस काढून झाल्यावर सातूचा चोथा उरतो. शंभर लिटर बिअरमागे साधारण वीस किलो ओला चोथा निघतो. साखर त्यातून गेलेली असते, पण प्रथिने राहतात. सुका धरला तर त्यात वीस टक्क्यांहून अधिक प्रथिने असतात. दुभत्या जनावरांना तो जगभर घालतात. छोट्या ठिकाणांना हा चोथा रोज हलवणे ही डोकेदुखीच असते.

मावळ-मुळशीकडे ज्या सभासदांच्या गाई-म्हशी आहेत, त्यांनी चार-पाच जणांत मिळून अशा ठिकाणी चौकशी करण्यास हरकत नाही. काळजी एवढीच घ्यावी:

१. चोथ्यात पाऊण हिस्सा पाणी असते. उन्हाळ्यात तो दोन दिवसांत आंबतो. बुरशी दिसली तर उकिरड्यात टाकावा, जनावराला घालू नये.

२. सुरुवात एक-दोन किलोने करावी आणि हळूहळू वाढवावे. वैरण बंद करू नये.

३. किती घालायचा ते गावच्या पशुवैद्यकीय डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

४. भाव ठरवताना वाहतूक धरावी. चार किलोतले तीन किलो आपण पाणीच वाहून आणतो.

तेव्हा सभेतल्या त्या ज्येष्ठ सभासदांना आमचे उत्तर असे. बिअरचे गुऱ्हाळ शहरातल्या शौकिनांसाठी ठीक आहे, पण त्यात आपला ऊस नाही आणि आपल्या भागभांडवलाने तेथे जावे असा हिशेबही दिसत नाही. मुलांना स्वतःच्या हिमतीवर तो धंदा करायचा असेल तर त्यांनी परवाना, भाडे आणि नाशवंत माल या तिन्हींचा विचार आधी करावा. आणि मुलाने पुन्हा जेवायला नेले, तर येताना काचेपलीकडच्या माणसाला एवढेच विचारून यावे, "चोथा रोज किती निघतो हो, आणि तो कोण नेतं?"

चोथ्याचा अनुभव ज्यांनी घेतला असेल त्यांनी आपल्या गटाच्या शेतकी मदतनिसाकडे लेखी माहिती द्यावी. पुढील अंकात ती सर्वांसाठी देऊ.