मणक्याचा फर्मा

छपाईयंत्र रात्रभर घरघरत होतं. सकाळी त्यातून निघालेला पांढरा तुकडा मी तळहातावर घेतला. वर दोन आखूड नळ्या, खाली हाडाच्या खाचाखोचांचा नेमका उलटा ठसा. चांभाराकडे पायाचा फर्मा असतो, तसा हा मणक्याचा. फक्त एकाच माणसाच्या एकाच मणक्यावर बसणारा.

वर्ध्यात दोन वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, सेवाग्रामचं १९६९चं आणि सावंगीचं १९९०चं. त्यामुळे क्षयाने खचलेले मणके, झाडावरून पडलेले शेतमजूर, पाठ वाकत चाललेल्या शाळकरी मुली, हे सगळं या गावाला नवं नाही. मणके सांधायचे तर स्क्रू पेडिकलमधून न्यावा लागतो. पेडिकल म्हणजे मणक्याच्या मागच्या भागाला पुढच्या ठोकळ्याशी जोडणारा हाडाचा पूल. छातीच्या मधल्या मणक्यांत तो जेमतेम ४-५ मिलिमीटर रुंद, स्क्रूही जवळपास तेवढाच जाड, आणि आतल्या बाजूला लगेच मज्जारज्जू. सरळ पाठीत सरावलेल्या हाताला वाट सापडते. वाकड्या पाठीत मात्र प्रत्येक मणका आपापल्या परीने पीळ घेऊन बसलेला असतो. शेजाऱ्याचा कोन याला चालत नाही.

म्हणून सीटी स्कॅनच्या बारीक कापांतून हाड संगणकावर उभं करतात आणि स्क्रूची वाट आधीच आखतात; फर्म्याच्या नळ्या ड्रिलला त्याच वाटेने नेतात. स्कॅनला रुग्ण उताणा असतो, शस्त्रक्रियेच्या टेबलावर पालथा, कणा हलतोच. एकट्या मणक्याचा आकार मात्र बदलत नाही, म्हणून दर मणक्याला वेगळा फर्मा. हा पीएलए या प्लास्टिकचा होता. ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, त्यामुळे १२१ अंशांचा ऑटोक्लेव्ह बाद, निर्जंतुकीकरण वायूने.

सोबत अख्ख्या कण्याची प्रतिकृतीही छापली होती. जिच्यासाठी हे फर्मे होते, त्या मुलीच्या वडिलांनी ती उलटसुलट करून पाहिली. "हे माह्या पोरीचंच हाड आहे का जी?" मला विचाराल तर प्रतिकृतीचा खर्च तिथेच वसूल झाला.

थिएटरमध्ये शिसाचा एप्रन खांद्यांना काचत होता. ड्रिलची वाट पाहत होतो, पण डॉक्टर नुसते खरवडत होते. फर्मा ठेवला, तो डुगडुगला. काढला. कोपऱ्यात मांसाचा तंतू राहिला होता, पापुद्र्याएवढा. तेवढ्यानेही नळीचा कोन फिरतो. पुन्हा खरवडणं. तिसऱ्यांदा तो असा बसला की बोटाने ढकलूनही हलेना. एरवी एवढं हाड उघडं करावं लागत नाही. फर्म्यापायी स्नायू जास्त सोडवावे लागतात, ही त्याची किंमत. मग ड्रिल आत गेलं, मिनिटभरही लागलं नाही.

फर्मा बाजूला झाल्यावर डॉक्टरांनी गोल टोकाची सळई भोकात घालून चारी भिंती आणि तळ चाचपला. सी-आर्म या क्ष-किरण यंत्राचा फोटो. स्क्रू.

सिस्टरांनी पुढचा फर्मा हातात दिला. त्यावर उठावात 'टी ६' छापलेलं, म्हणजे छातीचा सहावा मणका. डॉक्टरांनी तो ओल्या कपड्यावर ठेवला आणि पुन्हा खरवडायला घेतलं.