परक्या देशांचे कायदे

एखाद्या गावाने नवी विहीर खणावयाचे ठरविले, म्हणजे शहाणी माणसे आधी शेजारच्या गावांतील विहिरी पाहून येतात. पाणी किती हातांवर लागले, एवढेच विचारून ती परत फिरत नाहीत. ऐन वैशाखात विहीर आटते की काय, याचीही चौकशी करतात. परक्या देशांच्या कायद्यांचा अभ्यास हा असाच करावा लागतो.

डिसेंबर १९४६ मध्ये दिल्लीत आपली घटनासमिती भरली. तिचे सल्लागार होते बेनेगल नरसिंग राव. हे पूर्वी कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते. निरनिराळ्या देशांच्या राज्यघटनांतील कलमे जमवून, त्यांवर टिपणे लिहून त्यांनी ती छापविली आणि सभासदांच्या हाती दिली. पण कागदावरचा कायदा वाचणे निराळे आणि तो चालतो कसा हे पाहणे निराळे! म्हणून १९४७ च्या अखेरीस राव अमेरिका, कॅनडा, आयर्लंड व इंग्लंड या देशांत स्वतः गेले आणि तेथील न्यायाधीशांना व राज्यकर्त्यांना भेटले.

अमेरिकेच्या घटनेत एक प्रसिद्ध वचन आहे. योग्य विधिप्रक्रियेवाचून कोणाचेही जीवित, स्वातंत्र्य वा मालमत्ता हिरावून घेता येणार नाही, असा त्याचा आशय आहे. वाचताक्षणी ते कोणालाही आवडेल. आपल्या घटनेच्या आरंभीच्या मसुद्यातही तशाच अर्थाचे शब्द होते. परंतु या शब्दांचा अमेरिकेत काय उपयोग झाला होता?

न्यूयॉर्क राज्याने कायदा केला होता, की पाव भाजणाऱ्या कामगारांकडून दिवसास दहा व आठवड्यास साठ तासांपेक्षा अधिक काम घेऊ नये. भट्टीपुढे राबणाऱ्या माणसांसाठी ही केवढी सोय! पण १९०५ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो कायदा रद्द केला. हवे तितके तास काम करण्याचा करार करणे हेही स्वातंत्र्यच आहे, असे बहुमताचे म्हणणे पडले. स्वातंत्र्याच्या रक्षणासाठी लिहिलेले शब्द अशा रीतीने श्रमिकांच्याच आड आले. पुढे १९३७ च्या सुमारास त्या न्यायालयाने हा मार्ग सोडला. तरी जाणत्यांच्या मनातून ती आठवण गेली नव्हती.

राव यांना तेथे न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर भेटले. लोकांच्या प्रतिनिधींनी केलेला कायदा मोजक्या न्यायाधीशांनी मोडावा, हे लोकशाहीला धरून नाही आणि न्यायाधीशांवरही तो अन्यायकारक भार आहे, असे त्यांचे मत होते. राव परतल्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालील मसुदासमितीने ते शब्द गाळले. त्यांच्या जागी जपानच्या नव्या घटनेतील शब्दांच्या धर्तीवर ‘कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ असे शब्द आले.

सर्वांना हे रुचले नाही, आणि त्यांची शंका रास्तच होती. विधिमंडळानेच अन्यायाचा कायदा केला, तर माणसाने दाद कोठे मागावी? १९४८ च्या डिसेंबरात या कलमावर बोलताना डॉ. आंबेडकरांनी दोन्ही बाजूंचे धोके मोकळेपणाने मांडले. अखेर कलम मंजूर झाले. पण १९४९ मध्ये त्यांनी आणखी एक कलम पुढे आणले. अटक केलेल्या माणसास अटकेचे कारण सांगावे, वकिलाचा सल्ला घेऊ द्यावा आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत त्यास दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे, असे ते सांगते. प्रतिबंधक कायद्याखाली स्थानबद्ध केलेल्यांना मात्र हे संरक्षण पुरतेपणी मिळाले नाही.

आज ही दोन कलमे आपल्या घटनेत एकविसावे व बाविसावे म्हणून आहेत. १९७८ मध्ये एका पारपत्राच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की एकविसाव्या कलमातील कार्यपद्धती ही न्याय्य, उचित आणि वाजवी असलीच पाहिजे. अमेरिकेचे जे शब्द तीस वर्षांपूर्वी मुद्दाम दूर ठेवले होते, त्यांतील पुष्कळसा अर्थ, कलमाचे एक अक्षरही न बदलता, आपल्या घटनेत आला.