लहान टॅबची पारख
(घरोपयोगी यंत्रे : लेखांक सातवा)

मागील लेखांकात घरातील वाय-फाय जोडणीचा विचार पूर्ण झाला. आता त्या जोडणीवर चालणाऱ्या साधनांकडे वळावयाचे, आणि त्यांतही प्रथम अशा साधनाकडे, जे मोबाइलहून मोठे व संगणकाहून लहान असल्यामुळे घरातील प्रत्येकाला आपलेसे वाटते आणि म्हणूनच ज्याच्याकडून प्रत्येकाची अपेक्षा निराळी असते. दहा ते तेरा हजारांच्या मर्यादेत लहान पडद्याचा टॅब घ्यावयाचा आहे, दुकानदाराने दोन नमुने पुढ्यात ठेवले आहेत, दोहोंचे रूप जवळजवळ सारखे आणि किमतीतही फारसे अंतर नाही, अशा वेळी निर्णय कोणत्या आधारावर करावा, एवढाच आजचा विषय आहे.

या प्रश्नाला आपल्या देशात एक बोधप्रद पूर्वेतिहास आहे. ५ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्र सरकारने विद्यार्थ्यांसाठी ‘आकाश’ नावाचा सात इंची टॅब पुढे आणला. अल्प मूल्यात विद्येचे साधन घरोघर पोहोचावे हा त्यामागील हेतू निःसंशय उदात्त होता. परंतु ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, अवघी २५६ एमबी रॅम आणि बोट दाबल्याखेरीज न ओळखणारा पडदा, अशा सामग्रीवर तो हेतू तडीस जाणे कठीण होते. पुढे हा प्रकल्प मुंबईच्या आयआयटीकडे आला व त्याची धुरा प्रा. दीपक फाटक यांनी वाहिली. त्यांचे अभियांत्रिकीचे पदवी-शिक्षण आपल्या इंदूरच्याच श्री गोविंदराम सेकसरिया संस्थेत झाले, ही गोष्ट येथील वाचकांनी अभिमानाने ध्यानी ठेवावी अशी आहे. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते ‘आकाश-२’ प्रसिद्ध झाला, तेव्हा पडदा सात इंचांचाच राहिला होता. मात्र प्रोसेसर १ गिगाहर्ट्झचा, रॅम ५१२ एमबी आणि पडदा नुसत्या स्पर्शाने चालणारा, असा अंतर्भागात पालट झाला होता. बाह्यतः सारख्या दिसणाऱ्या दोन यंत्रांतील खरे अंतर पडद्याच्या मापात नसून न दिसणाऱ्या अवयवांत असते, हा त्या दोन आकाशांनी घालून दिलेला धडा आजही जसाच्या तसा लागू पडतो.

तो लागू करण्यापूर्वी घराची गरज निश्चित केली पाहिजे. उदाहरणार्थ, इंदूरचे खजराना पाहा. हे एके काळचे स्वतंत्र गाव. अहिल्याबाईंच्या नावाशी निगडित गणेशमंदिर आणि नाहरशाह वलींचा दर्गा यांनी ओळखले जाणारे. आता शहर त्याला वेढून पलीकडे पसरले आहे आणि रिंग रोडच्या दोन्ही अंगांना वसाहती उभ्या आहेत. येथील एखाद्या मराठी कुटुंबाचा दिनक्रम पाहिला, तर सकाळी आजोबांचे वर्तमानपत्र, दुपारी आजींची भजने वा जुनी नाटके, संध्याकाळी नातवंडाचा अभ्यास आणि रात्री पुण्याला, बंगळूरला किंवा थेट अमेरिकेला असलेल्या मुलाशी व्हिडिओवरील बोलणे, अशा चार बाबी एकाच टॅबच्या माथी येतात. या चारही बाबींचा स्वतंत्र हिशेब मांडल्यावाचून दुकानाची पायरी चढू नये.

तूर्त उदाहरणादाखल सॅमसंगचा गॅलेक्सी टॅब ए९ आणि शाओमीचा रेडमी पॅड एसई ८.७ हे दोन नमुने घेऊ. पहिला २०२३ साली व दुसरा २०२४ साली भारतीय बाजारात आला. दोहोंचा पडदा ८.७ इंचांचा आणि दोहोंवर १३४० गुणिले ८०० बिंदू. म्हणजे एका इंचात सुमारे १८० बिंदू. गणित केले असता या पडद्याची रुंदी सुमारे ११.३ आणि उंची सुमारे १९ सेंटिमीटर भरते. मराठी ग्रंथाचे डेमी आकाराचे पान सुमारे १४ सेंटिमीटर रुंद असते, म्हणून त्याची पीडीएफ या पडद्यावर चार-पंचमांश मापात दिसते आणि दहा पॉइंटांचा टाइप आठ पॉइंटांवर येतो. क्राऊन आकाराचे जुने पुस्तक याहून बरे, कारण त्याचे पान मुळातच अरुंद असल्यामुळे फार थोडे आकसते. ए-४ आकाराचा कागद मात्र निम्म्याहून किंचितच मोठा दिसतो. सबब भंवरकुआँच्या शिकवणी-वर्गांतील टिपणे वाचण्यासाठी टॅब हवा असलेल्या विद्यार्थ्याने या दोहोंपैकी एकही न घेता दहा-अकरा इंचांच्या यंत्राचा विचार करणेच श्रेयस्कर.

देवनागरीच्या वाचकाने आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. वर मात्रा-रफार आणि खाली उकार-जोडाक्षरे यांमुळे आपल्या ओळीला रोमन ओळीपेक्षा अधिक उंची लागते, आणि इंचात १८० बिंदू असताना बारीक टाइपातील जोडाक्षरे पुसट होतात. जुन्या ग्रंथाच्या छायाचित्रित पानावर अक्षर मोठे करावयाचे तर टॅब आडवा धरावा. १९ सेंटिमीटरांची बाजू रुंदीला आली की डेमी पान मूळ छापापेक्षाही मोठे दिसते, फक्त ते तीन टप्प्यांत वाचावे लागते. मराठी विश्वकोशाच्या संकेतस्थळावरील नोंदी किंवा अक्षरे वाढविता येणारी ई-पुस्तके यांना ही अडचण नाही. व्हिडिओच्या बाबतीतही पडद्याच्या या मर्यादेचा लाभच करून घेता येतो. ८०० बिंदूंच्या पडद्यावर ७२० रेषांचे चित्र पुरेसे स्पष्ट दिसते, त्यापुढील दर्जा निवडल्यास डेटा मात्र अधिक खर्च होतो.

पडदा सारखा म्हटल्यावर निवड अवयवांवर आली. ए९ मधील हेलिओ जी९९ हा प्रोसेसर ६ नॅनोमीटरच्या पद्धतीने घडविलेला आहे, तर रेडमीमधील हेलिओ जी८५ हा १२ नॅनोमीटरच्या. घडण जितकी सूक्ष्म, तितकी त्याच कामाला वीज कमी आणि उष्णताही कमी, असा सामान्य नियम आहे. शिवाय जी९९ मधील प्रमुख गाभे पुढच्या पिढीचे असल्यामुळे ॲप उघडणे, जड पीडीएफची पाने उलटणे, एका कामातून दुसऱ्यात जाणे ही सारी कामे ए९ वर अधिक सत्वर होतात. उलट रेडमीचा पडदा सेकंदाला ९० वेळा नवा होतो, म्हणून त्यावर मजकूर सरकविताना डोळ्यांना अधिक ओघ जाणवतो. परंतु स्थिर पान वाचताना किंवा नाटक पाहताना या गुणाचा विशेष उपयोग नाही, हेही सांगितले पाहिजे.

बॅटरीच्या प्रकरणात पारडे उलटते. ए९ ची क्षमता ५,१०० एमएएच, रेडमीची ६,६५०. म्हणजे तीस टक्के अधिक. सूक्ष्म घडणीच्या प्रोसेसरमुळे ए९ या अंतराचा काही अंश भरून काढतो, पण व्हिडिओ पाहताना विजेचा मोठा हिस्सा पडद्याच्या प्रकाशाकडे जात असल्याने ज्या घरात दिवसभर भजने व नाटके चालावयाची, तेथे मोठी बॅटरीच कामाला येते. तिची किंमत वजनात मोजावी लागते. वाय-फाय आवृत्तीत ए९ चे वजन ३३२ ग्रॅम आणि रेडमीचे सुमारे ३७० ग्रॅम. एका हाती धरून तासभर वाचणाऱ्या वृद्धाच्या मनगटाला एवढा फरकही जाणवतो. टेबलावर टेकवून पाहणाऱ्याला तो मुळीच जाणवत नाही. विजेच्या खर्चाची चिंता मात्र कोणीही करू नये, कारण एका युनिटात यांतील कोणताही टॅब किमान पंचवीस वेळा पूर्ण भरतो.

कॅमेऱ्याच्या बाबतीत समोरचाच कॅमेरा पाहावा, कारण परदेशी असलेल्या नातवंडांना आजी-आजोबा दिसणार ते त्यातूनच. तो ए९ वर २ मेगापिक्सेलचा व रेडमीवर ५ मेगापिक्सेलचा आहे, आणि सायंकाळच्या मंद दिव्यात हे अंतर लपत नाही. मेमरी कार्डाची आणि हेडफोनच्या तारेची सोय दोहोंतही आहे. ती आवश्यक मानावी. घरात अभ्यास चालू असताना दुसऱ्याने आवाज न करता ऐकण्याचा सर्वांत स्वस्त उपाय ती तारच होय.

यांहूनही ज्या बाबीवर यंत्राचे आयुष्य ठरते, ती म्हणजे रॅम. मूळ आवृत्तीच्या चार जीबीतील मोठा वाटा अँड्रॉइड स्वतःच व्यापते, आणि दरवर्षी ॲपे अधिकाधिक जड होत जातात; त्यामुळे जो टॅब आज सुरळीत चालतो, तोच दोन-तीन वर्षांनी अडखळू लागतो. मेमरी कार्डाने पुस्तकांना जागा वाढते, रॅम वाढत नाही. सबब, थोडे अधिक मोजण्याची ऐपत असेल तर ती रक्कम आवरणावर, लेखणीवर किंवा चकचकीत रंगावर न घालता अधिक रॅमची आवृत्ती मिळत असल्यास तिच्याकडे वळवावी. सिमकार्डाची आवृत्ती त्यांनीच घ्यावी, ज्यांचा टॅब घराबाहेर जावयाचा आहे. वाय-फाय असलेल्या घरात तो अधिभार व्यर्थ जातो, आणि क्वचित प्रसंगी मोबाइलचा हॉटस्पॉट पुरतो.

खरेदी इंदूरच्या जेल रोडवर करा वा घरबसल्या मागवा, पण तीन गोष्टींत कुचराई करू नका. खोक्यावरील आवृत्ती, रॅम व साठवण आपण ठरविल्याप्रमाणेच आहे हे मोहोर फोडण्यापूर्वी वाचावे. जीएसटीचे पक्के बिल घेऊन हमीची मुदत त्यापासून मोजावी. आणि शक्य असल्यास आपल्याच एखाद्या मराठी ग्रंथाची पीडीएफ पेन-ड्राइव्हवर वा मेलवर नेऊन दुकानातील नमुन्यावर उघडून पाहावी. दुकानदार जे चित्र दाखवितो ते पडद्याचे गुण दाखविण्यासाठी निवडलेले असते. आपली गरज आपल्या पानावरच कळते.

माझा निर्णय असा : घरात वाचन आणि अभ्यास ही मुख्य कामे असतील व यंत्र पाच-एक वर्षे चालवावयाचे असेल, तर ए९, आणि मिळाल्यास त्याची अधिक रॅमची आवृत्ती, घ्यावी; ऐकणे-पाहणे आणि दूरच्या मुलांशी बोलणे ही मुख्य कामे असतील, तर रेडमी अधिक समाधान देईल. अल्प मूल्याच्या यंत्रात निर्मात्याने कोठेतरी काटकसर केलेलीच असते. ती काटकसर आपल्या नित्याच्या कामाच्या आड येते की नाही, एवढे ज्याने तपासले, त्याचा पैसा वाया जात नाही.

पुढील लेखांकात, घरातील वृद्धांसाठी टॅबवर मराठी टंकन व आवाजी लेखन कसे सिद्ध करून द्यावे, याचा तपशीलवार विचार करू.