काळवंडलेल्या कडा

गेल्या मार्च महिन्यात आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाने जुन्या पुस्तकांचे निर्लेखन केले. ज्या पुस्तकाची तीन वर्षांत एकदाही देवघेव झालेली नाही, ते दाखल नोंदवहीतून बाद करून कपाटे मोकळी करावीत, असा ठराव कार्यकारी मंडळाने रीतसर संमत केला होता. त्या ठरावात गैरकायदा असे काही नव्हते आणि ज्या ग्रंथपालबाईंनी त्याची अंमलबजावणी केली, त्यांच्या कर्तव्यनिष्ठेविषयी मला तिळमात्र शंका नाही. परंतु व्हरांड्यात सुतळीने बांधून ठेवलेल्या गठ्ठ्यांपुढे मी उभा राहिलो आणि एकेका पुस्तकाच्या पाठीवरचे नाव वाचू लागलो, तेव्हा त्यांत निम्म्याहून अधिक कथासंग्रहच आहेत हे ध्यानात येऊन, ज्या वाङ्मयप्रकाराने माझ्या पिढीला वाचायला शिकवले त्याचा निकाल एका लाल शेऱ्याने लागलेला पाहून, मला जे वाटले ते शब्दांत मांडण्यासाठी हा मागोवा घेत आहे.

त्या गठ्ठ्यांतून एकवीस पुस्तके मी रद्दीच्या भावाने सोडवून आणली. त्यांत जी. ए. कुलकर्णी यांच्या ‘पिंगळावेळ’ची 1977 सालची प्रत होती. वाचनालयाने तिला जाड पुठ्ठ्याची, कापडी पाठीची बांधणी केलेली. आतल्या बाजूस तारखांच्या शिक्क्यांची चिठ्ठी, ती भरली म्हणून तिच्यावर डकवलेली दुसरी, आणि त्या दुसरीच्या मध्यावर येऊन थांबलेले शिक्के. हे पुस्तक मिटून, त्याची उघडणारी बाजू उजेडाकडे करून धरली, की पानांच्या कडांवर काळसर पट्टे दिसतात. जेथे अधिक बोटे लागली, अधिक वेळा पाने उलटली गेली, तेथे कडा घामाने आणि तेलकटपणाने काळवंडलेल्या आहेत. जेथे वाचक पोहोचला नाही किंवा पोहोचून परतला, तेथे त्या अजून पिवळट-पांढऱ्या आहेत. सर्वांत रुंद पट्टा ‘कैरी’ या कथेचा. त्याखालोखाल ‘स्वामी’चा, मठातल्या भुयारी खोलीत स्वामी म्हणून कोंडल्या गेलेल्या माणसाची ती कथा, आणि अंधारातून प्रकाशाकडे चढत जाणाऱ्या वेलाच्या वर्णनाशेजारी कोणा वाचकाने शिसपेन्सिलीने उभी रेघ ओढून ठेवलेली. ‘ऑर्फियस’ची पाने मात्र जवळजवळ कोरी.

कथासंग्रह हा असमान असतो, हा आक्षेप माझ्या कानांवर गेली पन्नास वर्षे पडत आला आहे. संग्रहातील चार कथा उत्कृष्ट, पाच बऱ्या, तीन गाळल्या असत्या तरी चालले असते, असा हिशेब मांडून परीक्षणाचा शेवट करण्याचा शिरस्ता आमच्या नियतकालिकांत इतका रूढ झाला होता, की पुस्तक न वाचताही तो शेवटचा परिच्छेद लिहिता यावा. त्या परीक्षकांना मला ही प्रत दाखवावीशी वाटते. गावातील बहुसंख्य वाचकांच्या बोटांनी जी कथा टाळली, ती ‘ऑर्फियस’ मला वयाच्या चोविसाव्या वर्षी रात्रभर झोपू न देणारी ठरली होती. आणि तिच्याच शेजारची एक कथा, जिच्या कडा चांगल्या मळलेल्या आहेत, ती मी दोनदा सुरू करून दोनदा सोडली. बहुमताने निवड करून तो संग्रह सपाट केला असता तर माझा ‘ऑर्फियस’ गेला असता, आणि माझ्या एकट्याच्या कौलाने केला असता तर गावाचे काहीतरी गेले असते. संग्रहातील उंचसखलपणा हा पुष्कळदा वाचकावाचकांतील अंतराचा असतो आणि म्हणूनच तो राखला पाहिजे, हे त्या परीक्षकांच्या हिशेबात कधीच धरले गेले नाही.

मराठी कथेचा समग्र इतिहास सांगण्याचा येथे हेतू नाही, आणि त्यातील सर्वच कालखंडांविषयी मला सारखी आस्था आहे असेही नाही. हरिभाऊ आपट्यांच्या स्फुट गोष्टी आणि 1927 साली निघालेला दिवाकर कृष्णांचा ‘समाधि आणि इतर सहा गोष्टी’ हा संग्रह यांचे ऋण मान्य करून मी पुढे जातो. त्यानंतरची फडके-खांडेकरांची वर्षे, तंत्राची ती काटेकोर मोजमापे आणि शेवटच्या ओळीतील ते हमखास वळण, यांनी माझ्या वडिलांच्या पिढीला मोहून टाकले असेल; मला त्यांनी कधी धरून ठेवले नाही. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे आणि व्यंकटेश माडगूळकर या चौघांनी 1945 नंतर कथेचे रूप पालटले, तेव्हा मी जन्मलोही नव्हतो. ‘माणदेशी माणसं’ माझ्या हाती आले ते शाळेत बक्षीस म्हणून, आणि त्या पुस्तकाने माझी एका अर्थी दिशाभूल केली. कारण ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत इतके सलग, इतके एकजिनसी आहे, की कथांचे पुस्तक असेच असते अशी माझी समजूत झाली. ती मोडली बाबूराव बागुलांनी. त्यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा 1963 सालचा संग्रह मी महाविद्यालयात वाचला. त्यात काही ठिकाणी शब्द आवरत नाहीत, काही कथा आक्रोशाच्या भाराखाली वाकतात. परंतु जात लपवून राहणाऱ्या त्या रेल्वे कामगाराला मार बसतो तेव्हा वाचकाच्या अंगावर जो वळ उठतो, तो कोणत्याही घोटीव संग्रहाने कधी उठवला नाही. असमान पुस्तकही थोर असू शकते, हा धडा मला तेथे मिळाला.

मी ज्या दशकात खऱ्या अर्थाने जगलो, ते जी. एं.चा ‘काजळमाया’ निघाल्यापासून ‘सत्यकथा’ मासिक बंद पडेपर्यंतचे; म्हणजे 1972 ते 1982. दुष्काळाचे ते पहिले वर्ष. मी एकोणीस वर्षांचा होतो, आणि वाचनालयाच्या दगडी पायऱ्यांवर संध्याकाळी आम्ही पाचसहा जण नव्या अंकाची वाट पाहत बसत असू. अंक एकच, वाचणारे सहा. तेव्हा चिठ्ठ्या टाकून क्रम ठरे. एखादी कथा प्रथम अशी मासिकात, एकटी, जाहिरातींच्या आणि कवितांच्या शेजारी भेटे. महिनाभर तिच्यावर कडाक्याचे वाद होत. मग ती विस्मरणात जाई. आणि दोनचार वर्षांनी लेखकाचा संग्रह निघाला की तीच कथा पुन्हा भेटे, पण आता तिच्या आधी एक कथा असे आणि नंतर एक असे, आणि त्या शेजारामुळे तिच्या मुद्रेत काहीतरी पालटलेले असे. कथासंग्रहाची जी खरी मोहिनी, ती मला या दुसऱ्या भेटीत सापडली. कादंबरी आपण एकदा वाचतो. संग्रह आपल्याकडे पूर्वीची ओळख सांगत येतो, आणि सोबत काही अनोळखी माणसेही घेऊन येतो.

त्या दहा वर्षांत काय काय निघाले याची उजळणी केली तरी आज ऊर भरून येतो. ‘काजळमाया’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, प्रकाशनाच्या तारखेवरून वाद उठला, आणि जी. एं.नी तो पुरस्कार परत केला. धारवाडात राहणाऱ्या, सभासंमेलनांना न जाणाऱ्या त्या लेखकाने केलेल्या त्या कृतीने आमच्या पायऱ्यांवर जे नैतिक तेज पसरले, ते मी विसरू शकत नाही. 1975 या एकाच वर्षी त्यांची ‘सांजशकुन’ आणि ‘रमलखुणा’ ही दोन पुस्तके आली. ‘सांजशकुन’मधील लहान रूपककथांनी मला कोरडे ठेवले, आजही ठेवतात, आणि ‘रमलखुणा’तील ‘प्रवासी’ व ‘इस्किलार’ या दोन दीर्घकथांमुळे मात्र भाषेत इतकी खोली असू शकते हे प्रथमच कळले. एकाच लेखकाच्या, एकाच वर्षीच्या दोन पुस्तकांत एवढे अंतर! त्याच साली विलास सारंगांचे ‘सोलेदाद’ आले आणि आमच्यातील दोघांनी ते फेकून दिले, तर एकाने ते उशाशी ठेवले. चारुता सागरांचा ‘नागीण’ सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातून आला होता. त्यांच्या ‘दर्शन’ कथेवर पुढे ‘जोगवा’ हा चित्रपट निघाला, तेव्हा लोकांना त्यांचे नाव नव्याने कळले, याचे मला दुःखच झाले. चिं. त्र्यं. खानोलकर 1976 च्या एप्रिलमध्ये, अवघ्या सेहेचाळिसाव्या वर्षी गेले. त्या दिवशी पायऱ्यांवर कोणी वाद घातला नाही.

या वैभवामागे चाळणी होती, आणि ती चाळणी धरणारे हात होते. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे ‘सत्यकथे’चे संपादक आलेली कथा वाचत, लेखकाला तपशीलवार पत्र लिहीत, पुनर्लेखन सुचवीत, पुन्हा वाचत. त्या चाळणीची छिद्रे काहींसाठी फार बारीक होती, हे खरे. 1969 साली राजा ढाले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सत्यकथे’ची होळी केली, तिच्यामागचा संताप खोटा नव्हता, ज्यांचे जगणे आणि ज्यांची बोली त्या अभिरुचीत मावत नव्हती, त्यांचा कोंडमारा मी माझ्या मित्रांत जवळून पाहिला होता आणि त्या वादात मी त्यांच्याच बाजूने बोलत असे. परंतु भालचंद्र नेमाडे यांनी लघुकथा या प्रकारालाच गौण ठरवून जो हल्ला चढवला, त्याच्याशी मी तेव्हाही सहमत नव्हतो आणि आज तर मुळीच नाही. एका मासिकाच्या मर्यादा ते मासिक ज्या वाङ्मयप्रकाराला पोसते त्याच्या माथी मारणे, हा अन्याय होता. कादंबरीच्या विस्ताराचा मोठेपणा सिद्ध करण्यासाठी कथेचा संकोच दाखवण्याची काही आवश्यकता नव्हती. त्या मताला पुढे प्रतिष्ठा मिळाली, तरुण लेखक कथा लिहिताना संकोचू लागले, आणि कथेकडे कादंबरीपूर्वीची उमेदवारी म्हणून पाहण्याची जी वाईट सवय लागली, ती अद्याप सुटलेली नाही.

‘सत्यकथा’ 1982 साली बंद झाले. पायऱ्यांवरचे आम्ही तोवर नोकऱ्यांना लागून पांगलो होतो. त्यानंतरच्या वर्षांविषयी मला थोडकेच सांगायचे आहे. कथा लिहिल्या गेल्या, चांगल्याही लिहिल्या गेल्या. जयंत पवारांच्या ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ला 2012 साली आणि किरण गुरवांच्या ‘बाळूच्या अवस्थांतराची डायरी’ला 2021 साली अकादमीचा पुरस्कार मिळाला, तेव्हा लिहिणाऱ्यांचा तुटवडा आहे असे कोणी म्हणू नये. तुटवडा आहे तो कथेला मिळणाऱ्या महिन्यांचा. आता कथेचा एकच हंगाम, दिवाळीचा. उन्हाळ्यात संपादकांची मागणी येते, श्रावणाच्या आसपास मुदत संपते, शब्दमर्यादा आधीच कळवलेली असते. एकच लेखक चार अंकांना चार कथा देतो, त्या परत पाठवण्याइतका अवधी कोणापाशी नसतो, आणि अशा पाचसहा दिवाळ्यांची बेरीज झाली की संग्रह तयार होतो. या संग्रहांतही उंचसखलपणा आहे, पण तो निराळ्या जातीचा. वाढणाऱ्या लेखकाच्या संग्रहात एखादी कथा फसते, कारण त्याने आवाक्याबाहेर हात घातलेला असतो. येथे कथा फसते ती घाईने, आणि वाचकाला तो फरक दुसऱ्याच पानावर कळतो.

दुसरीकडे प्रकाशकांनी असमानतेवर जो इलाज काढला आहे, तो रोगाहून वाईट आहे. माझ्या परिचयाच्या एका तरुण लेखिकेने दोन वर्षांपूर्वी बारा कथांचे हस्तलिखित एका प्रकाशकाकडे दिले. प्रथम तिला विचारण्यात आले की कादंबरी नाही का. मग सांगण्यात आले की कथांना एक समान सूत्र हवे, तेव्हा आईविषयीच्या सात ठेवा आणि बाकीच्या पाच काढा. त्या पाचांत एका गिरणी कामगाराची कथा होती. तिचा शेवट तिला जमलेला नाही, हे मीही तिला सांगितले होते. परंतु जी वाट पुढे तिला चालायची आहे तिच्यावरचे पहिले पाऊल त्याच कथेत उमटलेले होते, आणि ते आता कोणाला दिसणार नाही. संग्रह निघाला, नीटनेटका निघाला, सातही कथा एका उंचीच्या. मी तो एका बैठकीत वाचून काढला आणि त्यातील कोणत्याही कथेकडे परत गेलो नाही.

रद्दीतून आणलेली ती एकवीस पुस्तके माझ्या घरी, खिडकीजवळच्या फळीवर आहेत. ज्या कोणाला ती वाचायची असतील, त्यांनी खुशाल घेऊन जावीत. नोंदवहीत सही घेतली जाणार नाही. फक्त वाचून परत आणावीत, कारण त्यांतील बहुतेकांच्या नव्या आवृत्त्या दुकानांत मला मिळालेल्या नाहीत. आणि ज्या ज्या वाचनालयाच्या कार्यकारी मंडळापुढे येत्या मार्चमध्ये निर्लेखनाची यादी येईल, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे: कथासंग्रहाच्या नावापुढे लाल शेरा मारण्यापूर्वी देवघेवीचे आकडे क्षणभर बाजूला ठेवा, ते पुस्तक मिटून उजेडात आडवे धरा, आणि त्याच्या कडा पाहा.