बुडत्याला हात देणाऱ्याचे काय?

आपण घरातील एखाद्या आजारी माणसाची शुश्रूषा करीत असाल, किंवा घरातील कोणी आपली शुश्रूषा करीत असेल, तर आजची गोष्ट आपल्यासाठी आहे. ती सुरू होते समुद्रावर. पण येऊन थांबते माझ्या दवाखान्यात.

सन १९८८. सेऊल ऑलिंपिकमधील शिडाच्या होड्यांच्या शर्यती दक्षिण कोरियातील पुसान येथे चालू होत्या. त्यांतील ‘फिन’ हा प्रकार एकट्याने होडी चालविण्याचा. साडेचार मीटर लांबीची होडी, एक शीड आणि एकच माणूस. एका हाताने सुकाणू धरायचे, दुसऱ्याने शिडाची दोरी. आणि होडी कलू लागली की तळाच्या पट्ट्यात पाय अडकवून काठाबाहेर मागे रेलत स्वतःच्या वजनाने तिला सावरायचे. मांड्या आणि पोट यांचे स्नायू मिनिटेच्या मिनिटे ताणलेले राहतात. जागा घ्यायला दुसरे कोणी नसते.

२४ सप्टेंबरला सात शर्यतींपैकी पाचवी शर्यत होती. कॅनडाचा लॉरेन्स लेमियू दुसऱ्या क्रमांकावर होता. वारा अचानक बळावला आणि लाटा उंचावल्या. जवळच्याच मार्गावर दोन माणसांच्या होड्यांची शर्यत चालू होती. तिच्यातील सिंगापूरची एक होडी उलटली आणि दोघेही खलाशी संकटात सापडले. त्यांतील एक जण होडीपासून दूर वाहत चालला होता. लेमियूने शर्यतीचा मार्ग सोडला, दोघांना वाचविले आणि गस्तीची नौका येईपर्यंत त्यांना सोबत केली. त्यानंतरच तो पुन्हा शर्यतीत उतरला. तोपर्यंत बहुतेक स्पर्धक पुढे निघून गेले होते.

इथपर्यंतची गोष्ट कदाचित आपण ऐकली असेल. मला महत्त्वाचा वाटतो तो पुढचा भाग. नौकाशर्यतींच्या नियमावलीत मूलभूत नियम असा, की संकटातील माणसाला शक्य ती सारी मदत केलीच पाहिजे. पण नियमावली तेवढ्यावर थांबत नाही. मदत करताना स्पर्धकाचे नुकसान झाले तर ते भरून काढण्याची तरतूदही तीत आहे. पंचांनी लेमियूला त्या शर्यतीपुरता दुसरा क्रमांक परत दिला. एकूण स्पर्धेत त्याला पदक मिळाले नाही. परंतु पदकप्रदान समारंभात ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष सामारांच यांनी त्याचा खास गौरव केला. गौरव झाला तो वेगळा. आधी त्याचे गुण त्याला परत मिळाले होते.

आपल्या घरांत यांतला पहिला नियम कोणी शिकवावा लागत नाही. दुसऱ्या नियमाचा मात्र आपल्याला विसर पडतो.

माझ्याकडे एक बाई चार वर्षे नियमाने येत. पतीला अर्धांगवायू झालेला. औषधांची यादी, साखरेच्या नोंदी, सारे टापटीप. एकदा चिठ्ठी घेऊन उठताना त्यांना भोवळ आली. रक्तदाब पाहिला, तर १९०/११०. “डोकं कधीपासून दुखतं?” मी विचारले. “झाली असतील दोन वर्षं. तुम्ही ह्यांचं बघत होता डॉक्टर, त्यात माझं कुठं काढायचं?” चार वर्षांत माझ्या टेबलावरचे रक्तदाबाचे यंत्र मी एकदाही त्यांच्या दंडाला लावले नव्हते. ही चूक माझी होती.

त्यांची दोन्ही मुले परगावी. दर रविवारी फोन येई आणि “आई, तू आहेस म्हणून चाललंय” हे वाक्यही येई. ते मनापासूनच असे. पण कौतुकाने झोप भरून निघत नाही. मी मुलांना बोलावून घेतले. आठवड्यातून तीन रात्री मावशी ठेवायच्या आणि त्यांचा पगार मुलांनी द्यायचा असे ठरले. अडले ते भलत्याच ठिकाणी. पती दुसऱ्या कोणाच्या हातून पाणीही घेईनात. पत्नीच्या रक्तदाबाचा आकडा मी त्यांना कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दाखविला. बराच वेळ त्यांनी तो कागद हातात धरून ठेवला. त्या रात्री मावशींच्या हातून त्यांनी जेवण घेतले.

शुश्रूषा करणाऱ्यांनो, आपल्यासाठी काही गोष्टी सांगतो. आपल्या नावाची वेगळी फाईल करा. रुग्णाला दाखवायला याल त्याच दिवशी आपलाही रक्तदाब मोजून घ्या. साखर आणि हिमोग्लोबिन किती अंतराने तपासायचे ते डॉक्टरांना विचारा. रुग्णाला उठविताना कमरेतून वाकू नका. गुडघे वाकवून त्याला अंगाजवळ घ्या, आणि ही रीत भौतिकोपचारतज्ज्ञाकडून एकदा प्रत्यक्ष शिकून घ्या. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडाली, कशातच मन लागेना, वरचेवर रडू येऊ लागले, तर तो स्वभावाचा दोष समजू नका. ते आजाराचे लक्षण असू शकते. जगणे नकोसे वाटू लागले, तर त्याच दिवशी कोणाला तरी सांगा आणि डॉक्टरांकडे या. छातीत दाब किंवा धाप जाणवली, तर रुग्णाची आंघोळ उरकण्यासाठी थांबू नका. तडक रुग्णालय गाठा.

आणि ज्यांची शुश्रूषा होत आहे अशा ज्येष्ठांनो, डेन्मार्कच्या पॉल एल्व्हस्ट्रॉम या खेळाडूने १९४८ ते १९६० या काळात एकट्याने चालवायच्या होडीत सलग चार ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकली. लेमियू पुसानच्या समुद्रात उतरला त्याच स्पर्धांत एल्व्हस्ट्रॉमही होता, वयाच्या ६०व्या वर्षी. या वेळी मात्र होडी दोघांची होती आणि सोबत त्याची मुलगी त्रीन होती. एकट्याच्या होडीत ज्याने इतके मिळविले, तोही दोघांच्या होडीत बसला. आपणही दुसरा हात स्वीकारा. “मला तिच्याच हातचे लागते” यात प्रेम असते, हे मी जाणतो. पण त्यामुळे तिची सुटी बंद होते.

हा अंक वाचून झाल्यावर आपली काळजी घेणाऱ्या व्यक्तीला एवढेच विचारा: “तुझा रक्तदाब शेवटचा कधी मोजला होता?” उत्तर आठवत नसेल, तर माझ्याकडे येताना दोघेही या. या खेपेला मी आधी तिचा दंड पुढे करायला सांगेन.