रंगाखालचे काम

मित्रांनो, तुमच्या मोहल्ल्यात किंवा शाळेच्या वाटेवर मोटारींचे एखादे गॅरेज असेल. तिथे डेंटिंग-पेंटिंगचे काम चालते. तुम्ही कधी थांबून ते पाहिले आहे का? कारागीर सकाळपासून पत्रा घासत असतो. मग लांबी भरतो, पुन्हा घासतो, अस्तर मारतो, पुन्हा घासतो. खरा रंग शेवटी चढतो, आणि त्याला सर्वांत कमी वेळ लागतो. असे का? या प्रश्नाचे उत्तर आज आपण एका वेगळ्याच ठिकाणी शोधणार आहोत. ते ठिकाण म्हणजे घरी बांधलेल्या विमानाचे कॉकपिट.

घरी बांधलेले विमान! हे वाचून तुम्हाला नवल वाटेल. पण ही गोष्ट खरी आहे. पहिले विमानही कारखान्यात तयार झाले नव्हते. १९०३ मध्ये अमेरिकेत विमान उडवणारे राइट बंधू सायकलींचे दुकान चालवत होते. आपले विमान त्यांनी स्वतःच्या हातांनी बांधले. पुढे मोठमोठे कारखाने आले, तरी ही हौस संपली नाही. १९५३ मध्ये अमेरिकेतील मिलवॉकी शहरात पॉल पोबेरेझ्नी यांनी अशा हौशी लोकांची एक संघटना सुरू केली. या संघटनेचा मोठा मेळावा दर उन्हाळ्यात ऑशकॉश या गावी भरतो. आपल्या मुंबईतही वैमानिक अमोल यादव यांनी कांदिवलीच्या एका इमारतीच्या गच्चीवर विमान बांधले. २०१६ मध्ये ते मुंबईतील एका मोठ्या प्रदर्शनात लोकांनी पाहिले.

अमेरिकेत अशा विमानांचे सुटे भाग संचाच्या रूपाने विकत मिळतात. रिचर्ड व्हॅनग्रुन्सव्हेन यांनी तयार केलेली 'आरव्ही' जातीची विमाने फार लोकप्रिय आहेत. अशी दहा हजारांहून अधिक विमाने लोकांनी बांधून उडवली आहेत. ॲल्युमिनियमच्या पत्र्यांवर हजारो रिवेट ठोकून ती जोडतात. कोणी शिक्षक असतो, कोणी डॉक्टर, कोणी मेकॅनिक. नोकरी सांभाळून, संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी घराच्या गॅरेजमध्ये हे काम चालते. त्याला कित्येक वर्षे लागतात. तेथील कायद्याची अट अशी आहे, की विमानाचे अर्ध्याहून अधिक काम हौशी माणसांनी शिक्षणासाठी किंवा छंद म्हणून स्वतः केलेले असावे.

विमान पुरे होत आले, की कॉकपिटच्या रंगकामाची वेळ येते. कॉकपिट म्हणजे वैमानिक बसतो ती जागा. दोन आसनांच्या आरव्ही विमानात ती जेमतेम एक मीटरभर रुंद असते. एवढीशी जागा रंगवायला किती वेळ लागणार, असे तुम्हाला वाटेल. पण इथेच बांधणाऱ्याच्या धीराची परीक्षा होते.

त्याआधी मी तुम्हाला माझी एक फजिती सांगतो. बी.एड.साठी मी वसतिगृहात राहायला निघालो, तेव्हा घरातली जुनी लोखंडी पेटी बरोबर घेतली. ती गंजली होती. मी बाजारातून निळ्या रंगाचा डबा आणला आणि एका दुपारी पेटी रंगवून टाकली. वर पांढऱ्या रंगाने उर्दूत माझे नाव लिहिले. पेटी नव्यासारखी चमकू लागली. पावसाळा सरला, तेव्हा रंगाला फोड आले होते. बोट लावले की पापुद्रे निघत होते. माझे अर्धे नावही त्यांच्याबरोबर निघून गेले. मी सुट्टीत घरी आलो, तेव्हा अब्बांनी पेटी पाहिली आणि म्हणाले, "बेटा, तू रंग पत्र्याला दिलाच नाहीस. गंजाला दिलास. गंज गेला, रंगही गेला."

विमान बांधणाऱ्याने हीच चूक करून चालत नाही. ॲल्युमिनियम लोखंडासारखे तांबूस गंजत नाही; पण तेही झिजते. विमानाच्या पत्र्यात मजबुतीसाठी थोडे तांबे मिसळलेले असते. तांब्यामुळे धातू बळकट होतो. पण ओलाव्याने लवकर खराबही होतो. म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंवर शुद्ध ॲल्युमिनियमचा अगदी पातळ थर चढवलेला असतो. हा थर म्हणजे पत्र्याचे चिलखत. जाड पॉलिश पेपरने जोरात घासले, तर चिलखतच निघून जाईल. म्हणून कारागीर मऊ, बारीक घासणी वापरतो. चमक जाऊन पत्रा मंद दिसू लागला, की थांबतो. अशा पृष्ठभागावर अगदी बारीक ओरखडे पडतात आणि रंग त्यांना धरून बसतो. गुळगुळीत काचेवर रंग टिकत नाही. खरबरीत भिंतीवर टिकतो. तसेच हे आहे.

घासण्यासाठी लोखंडी तारांचा चोथा मात्र मुळीच वापरत नाहीत. त्याचे कण ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि तेथून खराबी सुरू होते. आणखी एक गंमत ऐका. पत्र्यावर खूण करायला साधी पेन्सिलही चालत नाही! पेन्सिलीतले शिसे खरे शिसे नसते, ते ग्रॅफाइट असते. ग्रॅफाइट, ॲल्युमिनियम आणि थोडा ओलावा एकत्र आले, की विज्ञानाच्या पुस्तकातल्या विद्युतघटासारखी क्रिया सुरू होते आणि ॲल्युमिनियम झिजू लागते. म्हणून खुणा शाईच्या पेनाने करतात.

आता पत्रा स्वच्छ करायचा. डोळ्यांना स्वच्छ दिसला म्हणजे तो स्वच्छ झाला, असे नाही. आपल्या बोटांना घाम आणि तेल असते. एका बोटाच्या ठशावरही रंग नीट बसत नाही. म्हणून कारागीर हातमोजे घालतो, पत्रा धुतो आणि मग पाण्याने परीक्षा घेतो. पत्र्यावर पाणी ओतल्यावर ते सलग, चादरीसारखे पसरले, तर पत्रा स्वच्छ आहे. पाणी फुटून त्याचे थेंब झाले, तर कुठेतरी तेल राहिले आहे. ही परीक्षा तुम्ही घरीही करू शकता. घासलेल्या स्टीलच्या ताटाला एका ठिकाणी तेलाचे बोट लावा आणि वर पाणी सोडा. पाणी त्या जागेपासून दूर सरकेल. तुमच्या बोटाने लपवलेले पाणी उघड करते!

यानंतर अस्तराचा हात. त्याला प्राइमर म्हणतात. हे अस्तर खाली धातूला धरते आणि वर रंगाला. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी विमानांच्या आत पिवळसर हिरव्या रंगाचे अस्तर असे. त्यात क्रोमियमचे एक संयुग होते. ते धातूला वाचवत असे. पण माणसाला घातक असते, त्यामुळे कर्करोग होऊ शकतो. म्हणून आता अनेकजण त्याच्याऐवजी दोन भाग मिसळून तयार होणारे इपॉक्सी अस्तर वापरतात.

अस्तर सुकल्यावर खरा रंग येतो. तो एकदम जाड मारत नाहीत. जाड रंगाचे ओघळ येतात. शिवाय तो वरून सुकतो आणि आत ओला राहतो. पातळ हात द्यायचा, थांबायचे, मग दुसरा पातळ हात द्यायचा. हाताला कोरडा लागलेला रंगही पुरता पक्का झालेला नसतो. त्याला आणखी काही दिवस लागू शकतात. रंगकामात घाई करणारा माणूस तेच काम दोनदा करतो.

रंग कोणता निवडायचा? इथे आवडीपेक्षा उपयोग मोठा आहे. वैमानिकाच्या समोर, काचेखाली जो पृष्ठभाग असतो, तो बहुधा काळा आणि बिनचमकीचा ठेवतात. तो पांढरा किंवा चकचकीत असेल, तर उन्हात त्याचे प्रतिबिंब समोरच्या काचेत पडेल आणि वैमानिकाला समोरून येणारे दुसरे विमान दिसणार नाही. बाजूच्या भिंतींना पुष्कळजण फिकट राखाडी रंग देतात. त्यावर धूळ उठून दिसत नाही आणि जागाही फार अंधारी वाटत नाही.

वजनाचाही विचार करावा लागतो. आपण एक गणित करू. समजा, अस्तर आणि रंग मिळून सुकलेला थर ०.१ मिलिमीटर जाडीचा आहे. एक चौरस मीटर जागेवर हा थर १०० घनसेंटिमीटर भरतो. एका घनसेंटिमीटरचे वजन १.४ ग्रॅम धरले, तर १४० ग्रॅम झाले. रंगवायची जागा दहा चौरस मीटर असेल, तर १ किलो ४०० ग्रॅम! थर दुप्पट जाड दिला, तर वजनही दुप्पट. पेटीला हे वजन जाणवत नाही; पण विमानाला प्रत्येक किलो उचलून आकाशात न्यावा लागतो. म्हणून रंगकाम झाल्यावर विमानाचे वजन करतात आणि त्याचा तोल तपासतात.

मित्रांनो, चांगल्या रंगाऱ्याला कुठे रंग द्यायचा हे कळते. पण कुठे द्यायचा नाही, हे त्याहून अधिक कळावे लागते. कॉकपिटमध्ये अशा जागा पुष्कळ असतात. विमानाच्या धातूच्या सांगाड्यातून वीज परत जाते, तिथे तारा जोडायच्या जागी रंग चालत नाही. कारण रंगातून वीज वाहत नाही. दांड्यांचे सांधे, बिजागऱ्या आणि बेअरिंग यांत रंग गेला, तर ती अडकतील. पाणी बाहेर जाण्यासाठी खाली ठेवलेली छिद्रे रंगाने बुजली, तर पाणी आत साचेल. वरच्या पारदर्शक ॲक्रिलिकच्या छतावर थिनर उडाले, तर त्याला बारीक तडे जातात. म्हणून या सर्व जागा आधी टेप आणि कागदाने झाकतात. काम झाल्यावर वैमानिकाचा दांडा चारही दिशांना शेवटपर्यंत मोकळा फिरतो की नाही, हे नीट तपासतात.

सर्वांत मोठी काळजी मात्र स्वतःच्या जिवाची. अनेक टिकाऊ पॉलियुरेथेन रंगांत आयसोसायनेट नावाचे द्रव्य असते. ते श्वासाबरोबर आत गेले, तर कायमचा दमा जडू शकतो. तोंडाला रुमाल बांधून त्यापासून बचाव होत नाही. असा रंग फवारणारे कारागीर बाहेरची शुद्ध हवा नळीने पुरवणारा मुखवटा घालतात. रंगाची वाफ पेटही घेते. म्हणून जवळ आग किंवा ठिणगी येऊ देत नाहीत. आपल्याकडे किती रंगारी तोंडाला नुसता गमछा बांधून दिवसभर फवारणी करतात! तुमचे अब्बा, मामू किंवा भाईजान हे काम करत असतील, तर त्यांना ही गोष्ट जरूर सांगा.

रंग सुकला, की शेवटची सजावट राहते. पण इथे सजावटही बोलते. इंजिनाची शक्ती कमीजास्त करणारी मूठ बहुधा काळी, पंख्याची मूठ निळी आणि इंधनाचे मिश्रण बदलणारी मूठ लाल असते. वेग दाखवणाऱ्या घड्याळावर हिरवा पट्टा नेहमीच्या वेगाचा, पिवळा सावधगिरीचा आणि लाल रेघ शेवटच्या मर्यादेची. प्रत्येक कळीजवळ तिचे नाव लिहितात. याशिवाय अमेरिकेच्या नियमाप्रमाणे आत शिरायच्या जागेजवळ 'प्रायोगिक' या अर्थाचा इंग्रजी शब्द दोन ते सहा इंच उंचीच्या अक्षरांत लिहावा लागतो. आतमध्ये प्रवाशाला दिसेल अशी एक पाटीही असते. हे विमान हौशी माणसाने बांधले आहे आणि नेहमीच्या विमानांचे सुरक्षेचे सर्व नियम ते पाळत नाही, असे तिच्यावर स्पष्ट लिहिलेले असते. इतकी मेहनत घेऊन सजवलेल्या कॉकपिटमध्ये बांधणारा स्वतःच्या हाताने ही पाटी लावतो. मला ही गोष्ट फार आवडते. रंगाने उणीव झाकता येते. ही पाटी ती झाकू देत नाही.

विमान पुरे झाले, की सरकारचा तपासनीस येतो. पण फरशीखालचा आणि पत्र्यांच्या जोडामधला प्रत्येक कोपरा त्याला कसा दिसणार? म्हणून बांधणारा कामाची वही ठेवतो आणि जागा बंद करण्यापूर्वी छायाचित्रे काढतो. तरीही तेलाचा एखादा ठसा रंगाखाली राहिला, तर तो कोणालाच दिसत नाही. तो फक्त बांधणाऱ्याला ठाऊक असतो. आणि त्या आसनावर बसून, शेजारी आपल्या मुलाला किंवा मित्राला घेऊन, आकाशात जायचे असते तेही त्यालाच.

गॅरेजमधला कारागीर दिवसभर पत्रा का घासतो, ते आता तुमच्या ध्यानात आले असेल. माझी ती पेटी अजून माझ्या घरी आहे. मी तिचा सगळा रंग खरवडून काढला, गंज घासला, अस्तर मारले आणि मग पुन्हा निळा रंग दिला. त्याला तीन दिवस लागले. तेव्हापासून पुष्कळ पावसाळे होऊन गेले. पण तिच्यावरचे माझे नाव अजून पुरते वाचता येते.